व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचंय? कोर्स नंतर शोधा, आधी सुपरव्हायजर शोधा

दरवर्षी रिझल्ट लागले की एमएसडब्ल्यूची (समाजकार्याची मास्टर्स) नाहीतर एमए सायकॉलॉजीची काही पोरं मेसेज करतात, ताई व्यसनमुक्तीत काम करायचंय, कुठला कोर्स करू. प्रत्येकाला तेच ते टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. सुपरव्हायजर म्हणजे साहेब नाही, शेजारी बसून काम शिकवणारा सीनियर, तो आधी का शोधायचा ते पुढे येईलच. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका निवासी केंद्रात काउन्सेलर आहे. दारूचे पेशंट सगळ्यात जास्त, मग गांजा, अधूनमधून गर्दवाले, आणि तंबाखू तर सगळ्यांनाच असते, ती कुणी व्यसनात धरतच नाही.

आधी हे समजून घ्या की आपल्याकडे या कामासाठी डॉक्टर-वकिलासारखं एकच एक लायसन नाहीये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, साध्या काउन्सेलरला ते लागू नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात काउन्सेलर आणि सोशल वर्कर दोघंही आलेत, त्यामुळे पुढेमागे रजिस्ट्रेशन लागेल असं धरून चाला आणि असतील नसतील ती सगळी सर्टिफिकेटं, अनुभवाची पत्रं नीट फायलीला लावून ठेवा.

आत यायचे रस्ते साधारण तीन. एक एमएसडब्ल्यू, त्यात मेडिकल अँड सायकिअॅट्रिक घेतलं तर उत्तम (मुंबईत टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे इन्स्टिट्यूट ही जुनी नावं). दुसरा सायकॉलॉजी किंवा काउन्सेलिंगमधलं एमए. आणि तिसरा, जो कॉलेजातल्या पोरांना माहीतच नसतो, तो म्हणजे स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसं जी पुढे स्टाफ होतात. मुक्तांगण बघा, कृपा फाउंडेशन बघा, व्यसनमुक्तीच्या या जुन्या संस्थांत या कामाचा मोठा भार अशा माणसांनी उचललाय. तुम्ही डिग्री घेऊन जाल आणि समोर दहावी नापास पण बारा-पंधरा वर्षं सोबर (व्यसनापासून लांब) असलेला सीनियर बसलेला असेल, त्याच्यापुढे थिअरी झाडू नका. पेशंट खोटं बोलतोय हे त्याला त्याच्या चालण्यावरून कळतं. उलट बाजूही आहे म्हणा, 'मी असा सुटलो म्हणजे तूही असाच सुटशील' हा हट्ट त्यांच्यातल्या काहींचा सुटत नाही, तिथे तुमचं शिक्षण कामाला येतं. दोघांनी एकमेकांकडून घ्यायचं, बास.

आता ट्रेनिंग. सरकारी बाजूने दिल्लीची राष्ट्रीय समाज रक्षा संस्था, म्हणजे एनआयएसडी, सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांच्या स्टाफला ट्रेनिंग देते. आपल्या भागात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेलं पुण्याचं मुक्तांगण रीजनल ट्रेनिंग सेंटर म्हणून हे काम करत आलंय. चेन्नईचं टीटी रंगनाथन फाउंडेशन १९८० पासूनचं, त्यांची काउन्सेलरसाठीची मॅन्युअल्स मिळाली तर सोडू नका. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेचं सेंटर फॉर अॅडिक्शन मेडिसिन ऑनलाइन केस डिस्कशनवर चालणारं ट्रेनिंग घेतं, लहान गावात बसून मोठ्या डॉक्टरांसमोर आपली केस मांडता येते, हे मला सगळ्यात उपयोगी वाटतं. आणि आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट हवं असेल तर कोलंबो प्लॅन या अनेक देशांच्या सहकार्य संस्थेचा युनिव्हर्सल ट्रीटमेंट करिक्युलम, बेसिक लेव्हलला आठ कोर्स आहेत, मेंदू आणि औषधांपासून ते एथिक्सपर्यंत, त्यावर आयकॅप या व्यसन-काउन्सेलरच्या आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटची परीक्षा. इसप (ISSUP) नावाच्या, या क्षेत्रातल्या लोकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मेंबरशिप फुकट आहे, वेबिनार असतात, काढून टाका.

पण खरं सांगू का, सर्टिफिकेटांची माळ गळ्यात घालून आलेले लोक पहिल्या इनटेकला, म्हणजे नव्या पेशंटच्या पहिल्या चौकशीला, गडबडतात. कसे ते सांगते.

ऑडिट नावाची जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली आहे, दहा प्रश्न, एकूण चाळीस मार्क, आठ आणि पुढे गेलं की धोका, वीस आणि पुढे म्हणजे बहुतेक अवलंबित्व. वर्गात सगळ्यांना पाठ असते. आता समोर पन्नाशीचे काका आहेत, रोज पितात, तुम्ही विचारता एका दिवसात किती ड्रिंक, ते म्हणतात "जास्त नाय हो मॅडम, एकच." तुम्ही 'एक किंवा दोन' वर टिक करता, शून्य मार्क. पुढचा प्रश्न एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक कितीदा, ते म्हणतात छे छे कधीच नाही, परत शून्य. रोज पितात त्याचे चार, पहिल्या तीन प्रश्नांचे मिळून चारच. पण काकांचं 'एक' म्हणजे एक क्वार्टर! १८० मिली, साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल, हिशोब केला तर साठ ग्रॅम, आणि स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे दहा ग्रॅम, म्हणजे ते रोज सहा ड्रिंक घेतायत. दुसऱ्या प्रश्नाला दोन मार्क, तिसऱ्याला पूर्ण चार, बेरीज दहा, म्हणजे पहिल्या तीन प्रश्नांतच माणूस आठच्या वर गेला. फॉर्म तोच, माणूस तोच. म्हणून विचारताना "किती" विचारायचं नाही, "क्वार्टर की नाइंटी, की खंबा (पूर्ण बाटली) दोघांत, स्ट्राँग बियर असेल तर मोठी बाटली का" असं विचारायचं, आणि सकाळची वेगळी विचारायची कारण सकाळची 'औषधापुरती' असते, ती मोजत नाहीत. हे कुठल्याच स्लाइडवर नव्हतं, आमच्या सीनियरनी शेजारी बसून शिकवलं.

दुसरं उदाहरण बोलण्याचं. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग हे तुम्ही ऐकणारच, विल्यम मिलरनी १९८३ मध्ये मांडलं, पुढे रोलनिकबरोबर वाढवलं. सार असं की बदलाची कारणं तुम्ही सांगायची नाहीत, पेशंटच्या तोंडून यायला हवीत. ऐकायला सोपं, करायला घाम फुटतो, कारण आपण सगळे उपदेशात वाढलोय. आमच्याकडे नेहमी ऐकू येणारं वाक्य म्हणजे "मॅडम मी श्रावण पाळतो, महिनाभर थेंबाला शिवत नाही, मग मी बेवडा कसा?" नवीन काउन्सेलर लगेच वाद घालतो, अहो पण गटारीला किती प्यालात, आणि गणपती उठले की परत सुरू ना. झालं, तो गप्प होतो नाहीतर भांडतो. आमच्या एका सीनियर ताई एवढंच म्हणाल्या, "महिनाभर राहता म्हणजे जमतं तुम्हाला. त्या महिन्यात घरी कसं असतं?" तो जरा थांबला, म्हणाला पोरगी जवळ येऊन बसते, एरवी येत नाही. ताईंनी पुढे विचारलं, सोडायची इच्छा दहापैकी किती. म्हणाला चार. आपण काय विचारू, आठ का नाही? त्यांनी विचारलं, "चार का, दोन का नाही म्हणालात?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर माणसाला सोडण्याची कारणंच सांगावी लागतात. उलटा विचारला असता तर पिण्याची कारणं मिळाली असती. हे मी कोपऱ्यात वही घेऊन बसून बघितलंय, आणि असं बघायला मिळणं हेच या क्षेत्रातलं खरं शिक्षण आहे असं माझं मत आहे.

मेडिकल बाजू काउन्सेलरला औषध द्यायची म्हणून नाही, डॉक्टरला वेळेत हाक मारायची म्हणून माहीत पाहिजे. शेवटची कधी घेतली हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत झालाच पाहिजे. रोज पिणाऱ्याची अचानक बंद झाली की हात थरथरणं लवकर सुरू होतं, फिट येऊ शकते ती बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, आणि भिंतीवर किडे दिसणं, वेळ-जागेचं भान जाणं हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, त्यात जीवही जातो. घरचे म्हणतात नुसती सलाइन लावा, पण जुन्या पिणाऱ्याच्या अंगात थायमिन (व्हिटॅमिन बी-१) कमी असतं, ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला धोका, हे डॉक्टर बघतातच, तरी तुम्हाला कारण माहीत असावं. आणि त्या दिवसांत खोल काउन्सेलिंगच्या भानगडीत पडू नका, त्याला तुमचं नावसुद्धा लक्षात राहत नाही.

घरच्यांबद्दल एकच सांगते. बायको आणि आई यांना फक्त माहिती काढायला बसवायचं नाही, त्यांचं स्वतःचं सेशन हवं. पेशंट अॅडमिट झाल्यावर ती बाई कित्येक महिन्यांनी शांत झोपलेली असते, आणि त्याचंच तिला अपराधी वाटत असतं. अल-अॅनॉनच्या (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांचा आधारगट) मीटिंगा कुठे भरतात ते पाठ ठेवा.

आता सुपरव्हिजन. हा शब्द ऐकला की लोकांना हजेरी तपासणारा साहेब आठवतो. तसं नाही. तुम्ही केलेलं सेशन आठवेल तसं संवादासकट लिहून काढायचं, पेशंट काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, आणि त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं हे तिसऱ्या रकान्यात. मग सीनियरबरोबर बसून ते वाचायचं. तिसऱ्या रकान्यातच सगळी गंमत असते. एखाद्याचे वडील प्यायचे, त्यामुळे पेशंटचा मुलगा रडला की तो काउन्सेलर पेशंटवर आवाज चढवतो, आणि हे त्याला स्वतःला कळत नाही, बाजूच्याला कळतं. पेशंट परत प्यायला लागला की पहिली काही वर्षं फार लागतं, त्याबद्दलही इथेच बोलायचं, घरी जाऊन नवऱ्यावर किंवा आईवर काढायचं नाही. स्वतःचा नंबर पेशंटला द्यायचा की नाही हेही इथेच ठरवा. मी देत नाही, केंद्राचा देते, शिवाय १४४४६ ही सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन आहे आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला कमीच. अनुदानावरच्या केंद्रात पगाराला मानधन म्हणतात आणि ते कधीकधी महिने-महिने रखडतं, घरभाडं डोक्यावर असेल तर हे धरूनच या. खाजगी केंद्रं जास्त देतात, पण तिथे डोळे उघडे ठेवून जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जशी संबंधित आजारही येतात, त्यामुळे केंद्राचं राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे रजिस्ट्रेशन हवं, पेशंटला साखळीने बांधायला त्याच कायद्याने बंदी आहे, आणि त्याची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क आहे. रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून आणणारं, मारून सरळ करणारं ठिकाण असेल तर पगार दुप्पट असला तरी जाऊ नका, तिथे तुम्ही जे शिकाल ते नंतर पुसायला जड जातं.

इंटरव्ह्यूला गेलात की ते तुम्हाला विचारतीलच, तुम्हीही विचारा. रजिस्ट्रेशन नंबर काय, डॉक्टर रोज येतात की ऑन कॉल, एका काउन्सेलरकडे किती पेशंट, आणि केस डिस्कशन आठवड्यात कुठल्या वारी असतं. शेवटच्या प्रश्नावर जर "तसं काही ठरलेलं नाही, गरज लागली की बसतो" असं उत्तर आलं, तर चहा पिऊन निघा आणि दुसरीकडे अर्ज टाका.