विज्ञानकथा का फसते? सीमाभागातल्या नव्या लेखकांनो, या चुका टाळा

उचगाव, कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी. बेळगावच्या आसपास गावोगावी मराठी साहित्य संमेलनं होतात आणि कथाकथनाचं सत्र असलं की मंडप भरतो. तिथं ग्रामीण कथा चालते, विनोदी कथा तर हमखास चालते. विज्ञानकथा सुरू झाली की मात्र मागच्या रांगा चहाला उठतात. यात श्रोत्यांचा दोष नाही. भुताखेतांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसांना अशक्य गोष्टीचं वावडं कसं असेल? कथा फसते ती बहुतेक वेळा अशक्य भागात नाही, अवतीभवतीच्या साध्या भागात. वाचकाकडून एकच अशक्य गोष्ट उधार मागावी, बाकी सगळा व्यवहार रोखीनं करावा.

यान न्यूयॉर्कलाच का उतरतं?

नवोदितांच्या कथेतली प्रयोगशाळा अमेरिकेत असते आणि शास्त्रज्ञाचं नाव डॉक्टर स्मिथ. लेखक खानापूरचा, पण कथेत खानापूरचा एक दगडही नाही. खरं तर या तालुक्यात निम्मी कथा आयतीच पडलेली आहे. भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहेत ‘रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट’ जातीची वटवाघळं राहतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी या जातीची नोंद केली आणि पुढं कित्येक दशकं जगात ती फक्त इथंच माहीत होती. मेघालयात आणि कंबोडियात ती सापडली ती फार नंतर. मग मधल्या काळात ही वटवाघळं तिकडं कुणालाच कशी दिसली नाहीत? या प्रश्नाचं खरं उत्तर जीवशास्त्रज्ञ देतील, लेखकाला खोटं पण पटेल असं उत्तर द्यायची मुभा आहे.

हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. एखाद्या वर्षी पाणी उतरलं आणि गाभाऱ्यात ताजी फुलं निघाली, तर? कथा इथून सुरू होऊ शकते. नुसतं ‘हिडकल’ हे नाव चिकटवून भागत नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवा. गाव उठवून धरण झालं, त्या गावातल्या कुणाला ती फुलं ओळखीची वाटली पाहिजेत.

जादू फुकट वाटू नका

अद्भुतकथेतली ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून इथं थोडं थांबतो. नायकाला सुरुवातीला फक्त अदृश्य होता येतं. चौथ्या पानावर तो उडतो, शेवटी मेलेल्याला उठवतो. लेखक अडला की नायकाला नवी शक्ती मिळते. मग वाचकाला कसलीच काळजी उरत नाही, आणि काळजी संपली की कथा संपली.

समजा, कणकुंबीच्या एका म्हातारीला पाऊस थांबवता येतो. छान. आता पहिला प्रश्न असा, की थांबवलेला पाऊस जातो कुठं? ढगातलं पाणी नाहीसं होणार नाही, ते कुठंतरी पडणारच. इथल्या भूगोलाकडं बघा. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडं कृष्णेला मिळायला जाते, तर त्याच तालुक्यातल्या देगावजवळ उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. म्हातारीनं आपल्या गावात लग्नाचा मांडव उभा आहे म्हणून पाऊस अडवला आणि तो देगावच्या बाजूला दुप्पट कोसळला. तिची लेक नेमकी तिकडंच दिलेली. आता पुढच्या वेळी गाव तिच्या दारात जमेल तेव्हा ती काय करेल? एक नियम पाळला तर एवढं मिळतं. वर कुणी म्हादईच्या पाण्याचं राजकारण त्यात वाचलं, तर वाचू दे.

शास्त्राची अडचण कथेच्या कामाला लावा

‘हजारो प्रकाशवर्षांपूर्वी’ हे वाक्य अजून सर्रास दिसतं. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नव्हे. अवकाशात स्फोटाचा धडाका ऐकू येत नाही, कारण तिथं आवाज वाहून न्यायला हवा नसते. या चुका अर्ध्या तासाच्या वाचनानं सुटतात.

पण काही लेखकांना नियम आड येतात असं वाटतं आणि ते गुपचूप बाजूला सारतात. मंगळावरचा नायक निपाणीतल्या आईशी फोनवर गप्पा मारतो, जणू तो पुण्यात आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. मंगळ जवळ असताना संदेशाला एका बाजूनं ३ मिनिटं लागतात, लांब असताना २२. म्हणजे आईनं ‘जेवलास का?’ विचारलं, तर उत्तर यायला पाऊण तासही लागू शकतो. तोवर ती भांडी घासून, दार लावून झोपली असेल. तो पाऊण तास लिहा. तुमच्या रोबोंच्या लढाईपेक्षा तो जास्त लोक वाचतील, असं माझं मत.

‘मी काही शास्त्रज्ञ नाही’ ही सबबही नको. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. मोठा शास्त्रज्ञ आपलं नाव लपवून स्पर्धेत उतरला, म्हणजे परीक्षकांसमोर होती ती फक्त कथा.

पात्रं पाठ्यपुस्तकासारखी बोलतात

‘प्राध्यापक महाशय, हे यंत्र कसे कार्य करते?’ असं वडगावात कुणी विचारत नाही. तिथला माणूस म्हणेल, ‘मी बटण दाबलो की, लाइटच गेली बघ.’ बसचा कंडक्टर कन्नडच बोलेल, त्याला बोलू द्या.

शेवटी नायक झोपेतून जागा होतो, ही पळवाट कायमची बंद करा. ‘विज्ञान शाप की वरदान’ हा शाळेतल्या निबंधाचा विषय आहे, तो तिथंच बरा.

वाचकांच्याही चुका असतात

‘असं कधी होतं का?’ हा प्रश्न विज्ञानकथेला लावायचा नसतो. ‘असं झालंच तर माणसं अशीच वागतील का?’ हा लावावा. दुसरी चूक थोडी शिकलेल्या वाचकांची. बेळगावात वाढलेल्या जी. ए. कुलकर्णींच्या रूपककथा ते शब्दकोड्यासारख्या सोडवायला बसतात: प्रवासी म्हणजे काय, नगर म्हणजे काय. आधी त्या वाटेनं चालून तर बघा, अर्थ मागाहून शोधता येईल.

कथा अडली असेल तर

यंत्र किंवा जादू काढून टाका आणि कथा पुन्हा सांगून बघा. तरीही ती तशीच उभी राहत असेल, तर ते यंत्र शोभेचं होतं. संमेलनाला नेण्याआधी विज्ञान न शिकलेल्या कुणाला तरी ती मोठ्यानं वाचून दाखवा. ज्या ओळीला ऐकणारा मोबाइल काढतो तिथं खूण करा. बहुधा तिथं यंत्राचं वर्णन चाललेलं असेल. त्यातली दोन वाक्यं ठेवून बाकीची कापा. आणि पात्रांची नावं ‘झोर्क-९’ छापाची असतील तर बदला. शेवंता नावाच्या म्हातारीलाही पाऊस थांबवता येतो.