लाटेवरून उतरून पाठीराखा कसं व्हायचं : भारतीय हॉकी वर्षभर पाहण्याची रीत

२०२५च्या जूनमध्ये आपला पुरुष हॉकी संघ युरोपात प्रो लीग, म्हणजे देशांच्या संघांची दरवर्षीची साखळी स्पर्धा, खेळत होता. नेदरलँड्सकडून १-२ आणि २-३, अर्जेंटिनाकडून ३-४ आणि १-२, ऑस्ट्रेलियाकडून दोनदा २-३, मग बेल्जियमकडून ३-६. ओळीने सात पराभव. अखेरच्या दिवशी बेल्जियमला ४-३ने हरवलं, तरी नऊ संघांत आठवा नंबर आला. अडीच महिन्यांनी, ७ सप्टेंबरला, बिहारमधल्या राजगीरला याच संघाने कोरियाला ४-१ने हरवून आशिया चषक जिंकला आणि २०२६च्या विश्वचषकात जागा मिळवली. त्या रात्री सगळीकडे तिरंगे आणि अभिनंदनाचे मेसेज. जूनमध्ये मात्र सगळं सामसूम होतं.

ज्यांनी जूनचे सामने पाहिले होते त्यांना सप्टेंबरचं आश्चर्य कमी वाटलं. सातपैकी सहा पराभव एकेका गोलाचे होते. संघ कोसळलेला नव्हता, शेवटच्या टप्प्यात कमी पडत होता. उगवत्या सूर्याला नमस्कार करणाऱ्याला फक्त निकाल दिसतो. पाठीराख्याला निकालामागचं कारण दिसतं, म्हणून तो हरल्यावरही टिकतो. हे ‘कारण दिसणं’ शिकता येतं, आणि ते कसं शिकायचं तेच इथे सांगायचं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. टोकियोचं किंवा पॅरिसचं कांस्य पाहून हॉकीकडे वळलेल्या माणसाला ‘आतापर्यंत कुठे होतास’ असं विचारू नका. त्याला ऑलिंपिकनंतर पुढचा सामना कधी आणि कुठे आहे हे कोणी सांगितलंच नाही, म्हणून तो गळला. लाटेवर येणं हा दोष नाही. लाट ओसरल्यावर थांबायला जागा नसणं ही खरी अडचण आहे.

पहिलं काम : कॅलेंडर

हॉकीचं वर्ष ऑलिंपिकपुरतं नसतं. प्रो लीगचा हंगाम साधारण डिसेंबर ते जून चालतो. नऊ संघ, प्रत्येक संघाचे सोळा सामने, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोनदा गाठ. विजयाला ३ गुण. बरोबरी झाली तर दोघांना एकेक आणि शूटआउट (एकेकटा खेळाडू विरुद्ध गोलकीपर) जिंकणाऱ्याला आणखी एक. भारतातले सामने भुवनेश्वर किंवा राउरकेलाला फेब्रुवारीच्या सुमारास, युरोपातले जूनमध्ये. हिवाळ्यात हॉकी इंडिया लीग असते. ती काही वर्षांच्या खंडानंतर डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या हंगामात महाराष्ट्राचा संघ नव्हता, त्यामुळे ‘आपला संघ’ शहरावरून न निवडता खेळाडूवरून निवडा.

वेळेचं गणित एकदाच करून ठेवा. उन्हाळ्यात नेदरलँड्स-बेल्जियम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. तिथला संध्याकाळी सहाचा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला, आणि साडेआठचा असेल तर मध्यरात्री. २०२६चा विश्वचषक १५ ते ३० ऑगस्ट, नेदरलँड्समधल्या ॲम्स्टलव्हीनला आणि बेल्जियममधल्या वाव्हरला. लगेच १९ सप्टेंबरपासून जपानमधल्या आइची-नागोयाला आशियाई स्पर्धा. जपान साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथली संध्याकाळची सहाची वेळ आपली दुपारची अडीच, ऐन कामाच्या वेळेत. पण ही स्पर्धा चुकवू नका, कारण आशियाई सुवर्ण म्हणजे ऑलिंपिकचा थेट प्रवेश. २०२३ला हांगझोऊत जपानला ५-१ने हरवून सुवर्ण मिळालं, म्हणूनच पॅरिसची पात्रता आधीच हातात होती. याच्या उलट २००८. चिलीतल्या सँटियागोला पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्रिटनकडून ०-२ने हरलो आणि आठ सुवर्णपदकांचा देश बीजिंगला गेलाच नाही. ऑलिंपिकचं भवितव्य बहुतेक वेळा अशा, कोणी न पाहिलेल्या सामन्यांत ठरतं.

पेनल्टी कॉर्नर वाचायला शिका

हॉकी कळते की नाही याची खरी परीक्षा इथे आहे. बाकी सगळं हळूहळू येतं, पण पेनल्टी कॉर्नर डोळ्यांत बसला नाही तर अर्धा सामना हातातून निसटतो.

आधी तो मिळतो कशाने ते पाहा. बचाव करणाऱ्याने आपल्या डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) चूक केली, मागच्या रेषेपासून तेवीस मीटरच्या पट्ट्यात मुद्दाम फाउल केला, किंवा चेंडू जाणूनबुजून स्वतःच्या मागच्या रेषेबाहेर घालवला, की पेनल्टी कॉर्नर. आता मांडणी. चेंडू मागच्या रेषेवर, गोलखांबापासून किमान दहा मीटरवर. बचावाला गोलकीपर धरून पाच जण, सगळे रेषेमागे. त्यांचे उरलेले खेळाडू मध्यरेषेपलीकडे. आक्रमक डीच्या बाहेर. एक जण चेंडू ढकलतो, दुसरा तो डीच्या कडेबाहेर थांबवतो, तिसरा मारतो. चेंडू डीबाहेर गेल्याशिवाय गोल धरत नाहीत. पहिला फटका सरळ ‘हिट’ असेल तर गोलरेषा ओलांडताना तो ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे गोलच्या तळाशी असलेल्या मागच्या फळीच्या उंचीपेक्षा वर चालत नाही. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन भिरकावण्याला, ही मर्यादा नाही. हरमनप्रीत सिंगचा चेंडू वरच्या कोपऱ्यात जाऊ शकतो तो त्यामुळेच. पॅरिसमध्ये त्याचे दहा गोल होते.

चेंडू निघाला की बहुतेकांची नजर फ्लिक मारणाऱ्यावर जाते. तुम्ही ती रेषेवरून सुटणाऱ्या पहिल्या बचावपटूवर ठेवा. तोंडाला मास्क, गुडघ्याला पॅड, हातात जाड ग्लोव्ह घालून तो सरळ फ्लिकरच्या अंगावर धावतो. आपल्याकडे हे काम बरीच वर्षं अमित रोहिदास करत आला आहे. तो वेळेत पोचला तर फ्लिकरला कोन बदलावा लागतो किंवा चेंडू बाजूला द्यावा लागतो. कॉर्नर फुकट गेला की ‘फ्लिक वाईट होती’ असं म्हणण्याआधी तीन गोष्टी तपासा : ढकललेला चेंडू उसळला का, थांबवणाऱ्याच्या स्टिकखाली तो पूर्ण मेला का, आणि पहिला धावणारा किती पुढे आला होता. पुष्कळदा फ्लिक मारण्याआधीच कॉर्नर वाया गेलेला असतो.

टोकियोचं कांस्य अशाच एका बचावावर आलं. ५ ऑगस्ट २०२१, जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी, शेवटचे काही सेकंद आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. गोलकीपर श्रीजेशने तो अडवला. बचावाची मांडणी ज्यांना कळत होती त्यांनी ते सेकंद श्वास रोखून मोजले.

वहीत चार रकाने

सामना पाहताना एक छोटी वही घ्या. प्रत्येक क्वार्टर पंधरा मिनिटांचा, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती आणि हाफटाइमला दहा मिनिटं. लिहायला तेवढा वेळ पुरतो. पानावर चार रकाने : डीमध्ये किती वेळा शिरलो, गोलवर किती फटके, पेनल्टी कॉर्नर मिळाले किती नि गोल किती, आणि कार्डं कितव्या मिनिटाला. प्रतिस्पर्ध्याचंही तसंच.

डीत वीस वेळा शिरून फटके चारच असतील तर शेवटचा पास चुकतोय. आठ कॉर्नर आणि गोल शून्य असेल तर फ्लिकचा एकच प्रकार वापरला जातोय किंवा थांबवणारा गडबडतोय. कार्डांचा रकाना सगळ्यात जास्त शिकवतो. हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे किमान पाच, लाल म्हणजे त्या खेळाडूपुरता सामना संपला. पिवळ्याची पाच मिनिटं क्वार्टरचा तिसरा हिस्सा खातात. त्या पाच मिनिटांत खाल्लेल्या गोलाभोवती वर्तुळ करा. पाच-सहा सामन्यांनंतर संघाची खोड तुमच्याच अक्षरात समोर येते.

पॅरिसच्या उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटनविरुद्ध रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. उरलेली त्रेचाळीस मिनिटं दहा जणांनी खेळून सामना १-१ बरोबरीत ठेवला आणि शूटआउट ४-२ने जिंकला. पण कार्डाची किंमत तिथे संपली नाही. तो निलंबित झाला, जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना त्याच्याविना खेळावा लागला आणि आपण २-३ने हरलो.

नव्या प्रेक्षकाच्या नेहमीच्या चुका

चेंडू पायाला लागला की ओरडायचं, ही पहिली. पायाला लागणं दर वेळी फाउल नसतं. त्यातून फायदा झाला तरच अंपायर शिट्टी वाजवतो. दुसरी, फुटबॉलच्या सवयीने ऑफसाइड शोधणं. हॉकीतला ऑफसाइड १९९०च्या दशकातच गेला, त्यामुळे गोलपाशी आधीपासून उभा असलेला खेळाडू अगदी नियमात असतो. तिसरी, चेंडू मागे दिला की ‘वेळकाढूपणा’ म्हणणं. समोर जागा नसेल तर चेंडू मागे नेऊन बाजू बदलतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची फळी सरकते आणि फट पडते.

चौथी चूक सगळ्यात महागडी. पिछाडीवर असताना शेवटच्या दोन-चार मिनिटांत प्रशिक्षक गोलकीपरला बाहेर काढून अकरावा मैदानी खेळाडू आणतात. मोकळ्या गोलमध्ये चेंडू गेला की लोक प्रशिक्षकाला शिव्या देतात. बाद फेरीत एका गोलाने हरणं आणि दोन गोलांनी हरणं यात काही फरक नाही, म्हणून ती जोखीम योग्यच असते. गटसाखळीत मात्र गोलफरक मोजला जातो. तिथे हाच निर्णय तपासून बघण्यासारखा असतो.

जवळचं मैदान

पडद्यावर हॉकी सपाट दिसते. टर्फजवळ उभं राहिलं की ती कळते. सामन्याआधी टर्फवर पाणी मारतात. चेंडू वेगात आणि सरळ जावा, पडणाऱ्याचं कातडं सोलू नये, यासाठी. चेंडू पळाला की त्याच्यामागे तुषारांची रेघ उठते. ती रेघ दिसेनाशी झाली की टर्फ सुकतंय, चेंडू अडखळणार आणि पास आखूड पडणार.

मुंबईत चर्चगेट स्थानकाजवळचं मुंबई हॉकी असोसिएशनचं मैदान, पिंपरीत नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद स्टेडियम आणि बालेवाडीचं क्रीडासंकुल, ही सुरुवातीची ठिकाणं. बसायला तेवीस मीटरच्या रेषेसमोरची, थोडी उंचावरची जागा घ्या. तिथून कॉर्नरची मांडणी आणि डीत शिरणारे पास दोन्ही दिसतात. गोलमागे बसलात तर पाच जण एका ओळीत येतात आणि काहीच उलगडत नाही.

आपल्या माणसांची ओळख ठेवा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला धनराज पिल्ले १९९२ ते २००४ अशी चार ऑलिंपिक खेळला. मुंबईचा सूरज करकेरा राजगीरच्या विजेत्या संघात गोलकीपर होता. फलटण तालुक्यातली वैष्णवी फाळके भारतीय महिला संघातून खेळली आहे. १९४८च्या सुवर्णविजेत्या संघात मुंबईत खेळणारे मूळ गोव्याचे खेळाडू होते : लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ, वॉल्टर डिसूझा.

महिला संघाला सोडून स्वतःला हॉकीचा पाठीराखा म्हणवू नका. टोकियोत त्यांनी ऑस्ट्रेलियाला १-० हरवलं तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर होता. जानेवारी २०२४मध्ये रांचीत जपानकडून ०-१ने हरून पॅरिस हुकलं, २०२५मध्ये त्या प्रो लीगमधून खाली घसरल्या, तेव्हा बातमी चार ओळींची होती. त्यांना सोबत हवी आहे ती आत्ता.

आणि हरल्यानंतरची भाषा. टोकियोत महिलांचा उपांत्य सामना गेल्यावर हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके वाजवून तिच्या कुटुंबाला जातिवाचक शिव्या दिल्याची तक्रार झाली. चारच दिवसांपूर्वी तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. खेळावर टीका जरूर करा, वही समोर ठेवून करा. जात, घर, रूप यावर कोणी घसरला तर त्याला तिथल्या तिथे थांबवणं हेही पाठीराख्याचंच काम आहे.

एकदा ओडिशाला जा

मुंबईहून नागपूर-बिलासपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या गाड्या राउरकेलाला थांबतात. गीतांजली एक्स्प्रेस त्यातली एक. पुण्याहून आझाद हिंद आहे. साधारण एका दिवसाचा प्रवास, म्हणून वेळापत्रक जाहीर झालं की आधी परतीचं तिकीट काढा. भुवनेश्वरला जायचं तर मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे कोणार्क एक्स्प्रेस, पण तिला आणखी वेळ लागतो. एका सामन्यासाठी जाऊ नका. प्रो लीगमध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याशी पाठोपाठ दोन सामने असतात. पहिल्यात काय चुकलं आणि दुसऱ्यात काय बदललं, हे पाहण्यातच मजा आहे. प्रवेश कधी मोफत असतो, तेव्हाही ऑनलाइन नोंदणी लागू शकते. ती मोबाइलवर आधीच करून ठेवा.

राउरकेलाचं बिरसा मुंडा स्टेडियम जानेवारी २०२३मध्ये खुलं झालं. ते ज्या सुंदरगड जिल्ह्यात आहे, तिथल्या गावांत जिंकणाऱ्या संघाला बकरा देण्याच्या स्पर्धा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. ‘खस्सी’ स्पर्धा म्हणतात त्यांना. भारताचा माजी कर्णधार दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास याच जिल्ह्यातले. मधला एखादा दिवस मोकळा ठेवा आणि स्टेडियमबाहेर जवळपास कुठे गावची स्पर्धा चालू आहे का ते विचारा. वही सोबत न्या.