संशोधकाच्या पेटंटांची नोंद कशी वाचावी

एखाद्याच्या नावावर शेकडो पेटंट आहेत, एवढ्यावरून त्याच्या कामाची ओळख पटत नाही. त्यासाठी मूळ दस्तऐवजच वाचावे लागतात. सरावासाठी मी अमेरिकेतील संशोधक डीन केमेन यांची नोंद सुचवेन, कारण तीत अंगावर बाळगायचा औषधपंप आणि आपला तोल आपणच सांभाळणारे सेगवे हे दुचाकी वाहन, दोन्ही भेटतात.

गूगल पेटंट्स किंवा युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पेसनेटवर संशोधकाचे नाव मधल्या आद्याक्षरासह आणि त्याशिवाय, असे दोनदा शोधावे. पेटंटाच्या पहिल्या पानावर ७२ या क्रमांकापुढे, जुन्या अमेरिकी पेटंटांत अनेकदा ७५ पुढे, संशोधकांची नावे असतात. हक्क ज्याच्याकडे सोपवले त्याचे नाव ७३ पुढे असते, आणि तिथे केमेन यांची डेका ही कंपनी वारंवार दिसते.

त्यानंतर पेटंटाचा विषय दाखवणारे वर्गीकरणाचे संकेत पाहावेत. ए६१एम म्हणजे शरीरात औषध सोडणारी साधने, ए६१जी म्हणजे रुग्णांची व अपंगांची ने-आण, तर बी६२ मध्ये रुळांवाचून चालणारी वाहने येतात. जानेवारी १९७५ मध्ये मंजूर झालेले ३८५८५८१ हे पेटंट औषध टोचणाऱ्या उपकरणाचे आहे, त्यामुळे ते कुठे बसते याविषयी शंका उरत नाही.

खरी परीक्षा डिसेंबर १९९७ च्या ५७०१९६५ क्रमांकाच्या पेटंटात होते. शीर्षकात केवळ माणसाला वाहून नेणारे साधन एवढेच कळते. म्हणून थेट दाव्यांकडे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला आहे हे सांगणाऱ्या क्रमांकित वाक्यांकडे जावे, कारण कायद्याने संरक्षण मिळते ते दाव्यांतील शब्दांना, वर्णनाला किंवा आकृत्यांना नव्हे. पहिल्या दाव्यात माणसाचा आधार, जमिनीला टेकणारा भाग, मोटर आणि त्या मोटरच्या साहाय्याने पुढे-मागे तोल राखणारी नियंत्रणव्यवस्था, हे सारे एकत्र गुंफले आहे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी सुरू झालेले हे काम वाहनाच्या नियंत्रणाचेच आहे, हे इथे स्पष्ट दिसते, आणि वैद्यकीय साधने व वाहने या दोन क्षेत्रांतील दुवा मला याहून ठळक कुठेच आढळला नाही.

आकडा मोजताना मात्र सावध राहावे. १९९९ मध्ये मंजूर झालेले ५९७१०९१ हे पेटंट १९९३ पासूनच्या त्याच अर्जमालिकेतले आहे. म्हणून पहिल्या पानावरील पूर्वीच्या अर्जांचे तपशील जुळवून अशा पेटंटांना एकाच कुटुंबात मांडावे, आणि मगच संशोधकाचे स्वतंत्र शोध किती, हे मोजायला घ्यावे.