वेली गुलाब शेंड्यालाच फुलायचा

रंकाळ्याजवळच्या आमच्या घराच्या भिंतीला वासाचा वेली गुलाब लावून तीन वर्षं झाली होती. फांद्या सरळ गच्चीपर्यंत पोचल्या, पण फुलं फक्त शेंड्याला, चार-पाच. शेणखत वाढवलं, तर पानंच दाट झाली.

चूक फांद्यांच्या दिशेत होती. उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, दाबून ठेवतो. फांदी आडवी केली की तो जोर सुटतो, डोळ्याडोळ्यातून फुटवे निघतात आणि फुलं त्या फुटव्यांवर येतात.

दसऱ्यानंतर पाऊस ओसरला, तेव्हा भिंतीवर दीड-दीड फुटावर आडव्या तारा ओढल्या. लांब फांद्या पंख्यासारख्या पसरून सुती चिंध्यांनी सैल बांधल्या. वाकवायच्या त्या लवचिक फांद्याच, तेही हळूहळू. जून झालेली फांदी कडकन मोडते. माझी एक मोडली, फार वाईट वाटलं. बाजूचे फुटवे दोन-तीन डोळे ठेवून छाटले, मुख्य फांद्यांना कात्री लावली नाही. पावसाळ्यात काळे ठिपके पडलेली पानं वेचून टाकली.

डिसेंबरात भिंत अगदी खालपासून फुलली. सकाळी ऊन चढायच्या आधी वास सगळ्यात दाट असतो. आई आता चहाचा कप घेऊन तिथंच उभी असते.