कर्लीच्या खाडीतून शिडाची होडी : आधी तिथी बघा

उथळ बुडाची होडी हातभर पाण्यावरही तरंगते, म्हणून ती कधीही, कुठूनही काढता येते असं पुष्कळांना वाटतं. मालवणजवळ, कर्लीच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या देवबागला शिडाची होडी शिकायला येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी कालनिर्णय उघडायला लावतो. माझे मामा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. ते म्हणायचे, "आदी पाणी बग, मगे वारो." उथळ होडीचं सगळं शास्त्र या क्रमात आहे.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हा हिशेब मुंबईकडचा. मालवणकडे भरती त्याच्या आधी येते, तासाभराचा फरक धरा. खाडीत जितकं आत जाल तितकी ती उशिरा पोचते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्या, पण दिवस निवडायला पाऊणपट पुरते.

मी एकादशी-द्वादशी निवडतो, शुद्ध असो वा वद्य. सकाळी सात-आठच्या सुमारास पाणी पूर्ण भरतं, दुपारी दीड-दोनला ओहोटी संपते आणि पाणी पुन्हा चढायला लागतं. म्हणजे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा चढतं पाणी मिळतं. अष्टमी-नवमीचा भांग, म्हणजे पाणी सगळ्यात कमी चढण्या-उतरण्याचे दिवस, नुकताच सरलेला असल्यामुळे ओढ बेताची असते. आणखी एक मोठा फायदा म्हणजे यानंतरच्या भरत्या पौर्णिमा-अमावास्येपर्यंत वाढत जातात, त्यामुळे होडी वाळूवर चढलीच तर एक-दोन दिवसांत पाणी तिला उचलतं. उधाण उतरणीला लागल्यावर ऐन भरतीत रुतलात, तर पुढच्या भरत्या तिथपर्यंत पोचत नाहीत आणि पंधरवडाभर होडी कोरडी राहते.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. समजा, भरतीत एकूण १२० सेंटीमीटर चढणार आहे. पहिल्या तासात १०, दुसऱ्यात २०, तिसऱ्या-चौथ्यात ३०-३०, मग २० आणि शेवटी १०. अरुंद, उथळ जागा ओलांडायची ती तिसऱ्या तासानंतर. मालवणला उधाणालाही पाणी जेमतेम दोन मीटर चढतं-उतरतं, मुंबईला साडेचार मीटरपर्यंत. त्यामुळे आमच्याकडे वीतभर पाण्यालाही किंमत आहे.

आता वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, नऊ-दहाच्या सुमारास पडतो, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. उजाडता निघालात तर मतलई बाहेर काढतो, दुपारनंतर खारा वारा घरी आणतो. सूर्यही दोन्ही वेळा पाठीशी राहतो, डोळ्यांवर चकाकी येत नाही आणि पाण्याचा रंग वाचता येतो. फिकट पिवळसर म्हणजे वाळू वर आलेली, गडद हिरवं म्हणजे खोली. खाडीच्या वळणावर बाहेरच्या काठाशी पाणी खोल असतं, आतल्या काठाशी वाळू साचते. तिवरांच्या कडेने जवळचा रस्ता दिसतो, पण तिथे जाळ्यांचे खुंट असतात.

रंगावर पूर्ण विसंबू नका. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बांबू घेऊन एक माणूस बसवा. बांबूवर हात-हात अंतरावर रंगाचे पट्टे मारून ठेवा. तळाला टेकवल्यावर वाळू खरखरते, खडक टकटक वाजतो, चिखलात बांबू आवाज न करता आत जातो आणि ओढून काढावा लागतो. अर्ध्या दिवसात हाताला हे कळायला लागतं. माझ्या मते कुठल्याही यंत्रापेक्षा हा बांबू भरवशाचा, कारण तळ कसला आहे तेही तो सांगतो.

उथळ होडीचा एक अवगुण : वारा आडवा आला की ती बाजूला सरकत जाते. मधली सरकती फळी असेल तर खोल पाण्यात पूर्ण खाली सोडा. फळी तळाला लागली की लगेच वर घ्या आणि खोल पाण्याकडे वळा. फळीमुळे मिळालेली ही सूचना आहे, ती वाया घालवू नका. सुकाणूही उचलता येईल असंच बसवा.

तरी रुतलातच तर आधी शीड उतरवा, नाहीतर वारा आणखी वर ढकलतो. माणसं खोल पाण्याच्या बाजूला बसवा, होडी कलंडून बूड सुटतं. खाली उतरायचं तर बांबूने तळ तपासून, फक्त घट्ट वाळूवर, आणि पाय न उचलता घासत चाला. वाळूत पाकट (चपटी मासळी) दडून असते, पायाची चाहूल लागली की ती निघून जाते. तिच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा घुसतो. खडकावर अनवाणी उतरू नका, कालवांच्या कडा तळपाय कापतात.

खाडीचं मुख हा सगळ्यात कठीण भाग. देवबाग आणि भोगवे यांच्यामधला वाळूचा दांडा दर पावसाळ्यानंतर बदलतो, म्हणून गेल्या वर्षीची वाट यंदा धरू नका. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना विचारा. ओहोटीचं पाणी जोराने बाहेर पडत असताना समोरून लाटा आल्या की त्या उभ्या राहून फुटतात, आणि हलकी होडी तिथे आडवी झाली की उलटते. भरती संपत आली असतानाच बाहेर पडा. आधी दहा मिनिटं थांबून लाटा बघा. मोठ्या लाटा सहसा एकापाठोपाठ गटाने येतात, मग थोडी उसंत मिळते, त्या उसंतीत सरळ नाळ धरून निघा. लाईफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नको.

बाहेर पडून उत्तरेला मालवणकडे गेलात तर सिंधुदुर्गाभोवती उथळ होडीनेही जपून जा. १६६४ साली किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं ते कुरटे बेट खडकांनी वेढलेलं आहे, बरेच खडक भरतीत दिसत नाहीत. इथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तळाशी प्रवाळ आहे, त्यावर नांगर टाकू नका. वाळू बघून टाका, आणि दोर भरतीच्या वेळच्या खोलीच्या पाचपट तरी सोडा.

मे मध्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत होडी ओढून किनाऱ्यावर, झापांखाली ठेवा. पुढच्या मोसमात पहिल्यांदा बाहेर पडाल त्या दिवशी सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी भोगव्याच्या बाजूला उंचावर जाऊन दांडा कुठे सरकलाय ते डोळ्यांनी बघून या.