आत्याच्या खोलीत कॅमेरा लावायचाय? आधी आत्याला विचारा

गंगापूर रोड म्हणा, इंदिरानगर म्हणा, आपल्या नाशकात आईवडील केअर सेंटरला आणि मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात, अशी घरं आता बरीच आहेत आणि सगळ्यांना वाटतं की खोलीत कॅमेरा असावा. लावा की, पण विकत घ्यायच्या आधी ज्यांची खोली आहे त्यांना विचारा. मी आत्याला विचारलं तर ती म्हणाली लाव, पण कपडे बदलताना दिसायला नको. कॅमेऱ्याची जागा त्यावरूनच ठरली, बेड आणि दार दिसेल अशी, बाथरूमकडे अजिबात नाही. स्पंजिंग किंवा डायपर बदलताना प्रायव्हसी मोड, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण तेवढ्यापुरतं थांबवणं, चालू करायचा हे तिथल्या मावशींशी आधीच बोलून ठेवलं. हे महत्त्वाचंय, कारण परवानगी नसताना कुणाच्या गुप्त भागाचं चित्रण करणं आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शेजारी दुसरा बेड असेल तर त्यांच्या घरच्यांची आणि सेंटरची परवानगी लेखी घ्या. लपवून लावू नका, स्टाफचा विश्वास एकदा गेला की त्रास आपल्याच माणसाला होतो. माइक बंदच ठेवा, शेजारच्या आजी फोनवर घरच्यांशी काय बोलतात ते आपण कशाला ऐकायचं.

आता सामान. साधा वायफाय कॅमेरा पुरतो, एमजी रोडला मिळून जाईल, नाइट व्हिजन आणि मेमरी कार्डची सोय तेवढी बघा. बरेचसे स्वस्त कॅमेरे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवरच चालतात, त्यामुळे सेंटरच्या वायफायला तो बँड आहे का ते आधी तपासा. लाईट गेली की राउटर बंद पडतो, म्हणून त्याला मिनी यूपीएस, म्हणजे छोटा बॅटरी बॅकअप, लागतो. खिडकीसमोर तोंड करून लावला तर दिवसा सगळं काळं दिसतं. आणि पासवर्ड बदला, टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतर कोडही मागणारं) चालू करा, लॉगिन घरातल्या एक-दोघांकडेच ठेवा, फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

बघायचं काय? दिवसभर मोबाइल धरून बसू नका. पेशंट झोपून असेल तर साधारण दर २ तासांनी कूस बदलतात का ते बघा, त्यात हयगय झाली की पाठीला जखमा होतात. बेल दाबल्यावर कोणी किती वेळात येतं, पाणी हाताशी ठेवलंय का, हेही बघा. आणि मावशी नीट करत असतील तर त्यांना फोन करून तसं सांगाही, त्यांना कुणी कधी सांगत नाही.

काही खटकलं तर क्लिप त्याच दिवशी सेव्ह करा, कारण कार्ड भरलं की जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं. मग आधी इन्चार्जशी समोरासमोर बोला आणि तक्रार लेखी द्या. तरी फरक पडला नाही तर ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन आहे, १४५६७. मारहाण दिसली तर मात्र थांबू नका, सरळ ११२ लावा.