जुनी सुतारी हत्यारे पुन्हा कामाला लावताना

जुन्या पटाशीवर किंवा रंध्याच्या पात्यावर गंज चढला म्हणून ते मोडीत काढण्याची घाई करू नये, कारण बहुतेक वेळा गंज वरवरचा असतो आणि खालचे पोलाद शाबूत असते. मात्र पात्याच्या सपाट पाठीवर, धारेलगत, गंजाने खोल खड्डे पाडले असतील तर धार सलग येत नाही; तेवढा भाग झिजवून टाकण्याइतके पोलाद उरले नसेल, तरच पाते बाद समजावे.

हलका गंज घासलेट लावून बारीक पॉलिश पेपरने निघतो. जाड गंजासाठी मूठ काढून पाते रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवावे, ब्रशने घासावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवावा. ओले राहिलेले पाते पाहता पाहता पुन्हा तांबूस होते.

खरी काळजी घ्यावी लागते ती धार लावताना. विजेवर फिरणाऱ्या सहाणेवर पाते दाबून धरले की पातळ टोक क्षणात तापते, आणि साध्या कार्बन पोलादावर निळा रंग उमटला की तेथील पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले. असे टोक कितीही पाजवले तरी टिकत नाही, निळा भाग झिजवूनच टाकावा लागतो. म्हणून सपाट दगडावर, तेल घालून, हातानेच धार लावावी असे माझे ठाम मत आहे. आधी धारेलगतची पाठ आरशासारखी सपाट करावी. नंतर उतरती बाजू साधारण 25 अंशांत घासावी आणि अगदी टोकाला 30 अंशांचा कोन द्यावा. पाठीकडे बोटाला बारीक खरखरीत कड जाणवली, म्हणजे दगड धारेपर्यंत पोचला. मग पाठ सपाट टेकवून ती कड हलकेच काढावी.

करवतीचे दाते आधी एका उंचीत आणून त्रिकोणी कानशीने पाजवावेत.

हातोड्याचा दांडा ढिला झाल्यास तो पाण्यात भिजवू नये, कारण फुगलेले लाकूड सुकल्यावर आणखी सैल होते. नवी पाचर ठोकावी. लाकडी मुठींना जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरतो, पण तेलाचा बोळा तसाच चुरगळून टाकल्यास आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून तो उघड्यावर पसरून वाळवावा. रोजचे काम संपल्यावर मात्र पात्यांवरील घामाच्या हातांचे डाग पुसून तेलाचे फडके फिरवावे, आणि रंधा ठेवताना पाते आत ओढून घ्यावे.